एवढा वारा सुटलाय, मग गडावरचा ढग हलत का नाही?

जुलैमध्ये राजगडाच्या पायथ्याला गुंजवण्यात उभं राहिलं की बालेकिल्ला दिसत नाही. त्याच्या जागी एक करडा ढग बसलेला असतो. सकाळी तिथेच, दुपारी तिथेच. आता वर चढून जा. पद्मावती माचीवर वारा इतका की शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागतं, छत्री उलटी होते, रेनकोट अंगावर चाबकासारखा फडफडतो. आणि खालून ज्याला आपण ढग म्हणत होतो, ते आता नुसतं धुकं झालेलं असतं. पापण्यांवर, मिशांवर, सॅकच्या पट्ट्यांवर बारीक बारीक थेंब.

एवढा वारा असेल तर हा ढग उडून का जात नाही? सॅक सांभाळत खाली उतरताना हा प्रश्न मला कित्येक पावसाळे पडत आला. त्याचं उत्तर मिळालं की ढगांबद्दलचं बाकीचं बरंचसं आपोआप सुटतं. पण सुरुवात गडावरून करून चालत नाही, स्वयंपाकघरातून करावी लागते.

कुकरची शिट्टी होताना नीट बघा, अर्थात लांबूनच. शिट्टीच्या अगदी तोंडाशी बोटभर जागा रिकामी दिसते आणि पांढरा झोत त्याच्या पुढे सुरू होतो. खरी वाफ त्या रिकाम्या दिसणाऱ्या जागेत आहे. पाण्याची वाफ डोळ्यांना दिसतच नाही. पुढे पांढरं दिसतं ते त्या वाफेचं झालेलं पाणी, अतिशय बारीक थेंबांच्या रूपातलं. म्हणजे ‘ढग वाफेचा असतो’ हे आपण शाळेत घोकलेलं वाक्य फारसं खरं नाही. ढग पाण्याचा असतो, किंवा बर्फाचा. वाफ तर त्या ढगाच्या आजूबाजूच्या निळ्या आभाळातही भरपूर असते.

मग ती दिसायला कधी लागते? हवा जितकी गरम तितकं जास्त बाष्प तिच्यात मावतं. (हवा काही स्पंज नाही, पण बोलण्यापुरतं ‘मावतं’ म्हणायला हरकत नाही.) हजार लिटरच्या टाकीएवढी, म्हणजे एक घनमीटर जागा घ्या. ३० अंश सेल्सिअसला तेवढ्या हवेत सुमारे ३० ग्रॅम बाष्प राहू शकतं, २० अंशांना १७ ग्रॅम, १० अंशांना नऊ-साडेनऊ. भरलेली हवा गार केली की जास्तीचं बाष्प पाणी होऊन बाहेर पडतं. गार सरबताच्या ग्लासाला बाहेरून घाम फुटतो तो असाच. ज्या तापमानाला हे सुरू होतं त्याला दवबिंदू म्हणतात. तो आकडा एकदा हातात आला की ढगाचं अर्धं गणित सुटलं.

उरलेलं अर्धं म्हणजे हवा गार कशी होते. आभाळात काही फ्रीज नाही. सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडताना व्हॉल्व्हपाशी बोट धरून बघा, हवा गार लागते. कोंडलेली हवा मोकळी होताना फैलावते आणि फैलावायला लागणारी शक्ती स्वतःच्याच उष्णतेतून काढते. जमिनीलगतची हवा वर चढली की नेमकं हेच होतं. वर दाब कमी, म्हणून ती फैलावते आणि गार होते. कोरडी हवा किलोमीटरभर चढली की जवळजवळ १० अंशांनी उतरते. म्हणून बहुतेक ढगांमागे एकच गोष्ट असते: कशामुळे तरी हवा वर चढली. उन्हाने तापून चढली, डोंगर आडवा आला म्हणून चढली किंवा गार, जड हवेच्या अंगावरून घसरत चढली. ढग कुठल्या जातीचा होणार हे बरंचसं या चढण्याच्या तऱ्हेवर ठरतं.

हवामानाच्या ॲपमध्ये तापमान आणि दवबिंदू असे दोन्ही आकडे असतात. त्यांच्यातला फरक १२५ ने गुणा. जमिनीपासून तितक्या मीटरवर ढगाचा तळ असायला हवा. पुण्यात मे महिन्यातल्या दुपारी तापमान ३८ आणि दवबिंदू १४ असेल, तर फरक २४. म्हणजे तीन हजार मीटर. असले ढग उंच, तुरळक आणि बहुतेकदा निरुपयोगी. आता जुलैमधलं कोकण घ्या: तापमान २९, दवबिंदू २५. फरक फक्त चार, म्हणजे ५०० मीटर. सह्याद्रीचा माथा बऱ्याच ठिकाणी हजार मीटरच्या वर आहे. कोकणातून येणारी हवा घाटाच्या निम्म्या वाटेवरच ढग होते आणि उरलेला अर्धा डोंगर ढगात बुडतो. घाटातल्या वळणावर अचानक गाडीचे दिवे लावायला लागतात, ते ह्या गणितामुळे.

आता राजगडाकडे परत. अरबी समुद्रावरून येणारा वारा डोंगराला आपटतो आणि वर चढतो. एका ठरावीक उंचीवर त्यातल्या बाष्पाचे थेंब होतात. माथा ओलांडून वारा पलीकडे उतरायला लागला की हवा दाबली जाते, तापते आणि थेंब परत बाष्पात विरून जातात. वारा वाहतच असतो. फक्त दिसायला लागण्याची आणि दिसेनासं होण्याची अशा दोन्ही जागा डोंगराला बांधलेल्या असतात. समईची ज्योत तासभर जागेवर दिसते, पण तिच्यातलं तेल प्रत्येक क्षणी नवं असतं. गडावरचा ढग तसाच. सकाळी बघितलेला ढग आणि दुपारी बघितलेला ढग यांच्यात एक थेंबही सारखा नसतो.

यात एक गोष्ट अजून सांगायची राहिली, ती म्हणजे धूळ. हवा अगदी स्वच्छ असेल तर दवबिंदूपर्यंत गार झाली तरी ढग होत नाही. थेंबाला धरायला काहीतरी लागतं. काहीच नसेल तर मावण्यापेक्षा कित्येक पट बाष्प कोंबल्याशिवाय थेंब तयारच होणार नाहीत. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये कुलिए यांना आणि नंतर काही वर्षांत स्कॉटलंडमध्ये जॉन एटकिन यांना हे बाटल्यांवरच्या प्रयोगांतून लक्षात आलं. तो प्रयोग घरी करता येतो. प्लास्टिकच्या बाटलीत दोन चमचे कोमट पाणी घालून हलवा, जळती काडी विझवून तिचा धूर आत सोडा, झाकण घट्ट लावा. बाटली जोरात दाबा आणि एकदम सोडा. सोडताक्षणी आत धुरकट ढग दिसतो, दाबलं की नाहीसा होतो. धुराशिवाय करून बघितलं तर जवळजवळ काहीच होत नाही. मुलांना हे दाखवाच, मात्र काडी तुमच्या हातात असू द्या.

आभाळात हे काम समुद्राच्या लाटांतून उडालेलं मीठ, माती, चुलीचा आणि वाहनांचा धूर, झाडांपासून निघणारी द्रव्यं असं सगळं मिळून करतं. स्वच्छ समुद्री हवेत असे कण कमी असतात, म्हणून पाणी मोजक्या थेंबांत वाटलं जातं आणि थेंब मोठे होतात. शहराच्या धुरकट हवेत तेवढंच पाणी हजारो कणांत वाटलं जातं. थेंब बारीक राहतात, ढग जास्त पांढराशुभ्र दिसतो आणि पाऊस पडायला उशीर लागतो.

एवढं पाणी वर राहतं तरी कसं? एक घनकिलोमीटरचा साधा पांढरा ढग घ्या. घनमीटरमागे अर्धा ग्रॅम पाणी धरलं तर एकूण ५०० टन भरतं. उन्हाळ्यात माणदेशात फिरणारे दहा हजार लिटरचे टँकर असतात ना, तसले पन्नास टँकर डोक्यावर तरंगतायत. पण त्याच जागेतल्या हवेचं वजन सुमारे दहा लाख टन असतं, त्यात हे पन्नास टँकर म्हणजे आमटीतलं मीठ. शिवाय ढगातला थेंब असतो शंभरावा हिस्सा मिलिमीटर त्रिज्येचा. तो सेकंदाला जेमतेम सेंटीमीटरभर खाली येतो. या वेगाने किलोमीटरभर खाली यायला त्याला दिवसाहून जास्त लागेल. खालून येणारा हवेचा झोत त्याला सहज उचलून धरतो, आणि तळाखाली घसरलाच तर तिथल्या कोरड्या हवेत तो विरून जातो. ढग पडत असतोच, फक्त पोचत नाही.

पावसाचा थेंब व्हायला असे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. बाष्प साचत साचत हे होत नाही, फार वेळ लागतो. निसर्गाने दोन वाटा काढल्यात. एक म्हणजे टकरा. मिठाच्या मोठ्या कणावर वाढलेला एखादा थोराड थेंब जरा वेगाने खाली येतो आणि वाटेतले बारीक थेंब गोळा करत जातो. दुसरी वाट बर्फाची. ढगातलं पाणी शून्याखाली गेलं म्हणजे लगेच गोठतं असं नाही. ते उणे ३८ अंशांच्या आसपासपर्यंत पाणीच राहू शकतं. अशा थेंबांच्या गर्दीत थोडे बर्फाचे कण असले की ते आजूबाजूच्या थेंबांचं पाणी ओढून घेतात, फुगतात, खाली पडतात आणि गरम हवेत वितळून पाऊस होतात. ही कल्पना १९११ मध्ये मांडली आल्फ्रेड वेगेनर यांनी. होय, खंड सरकतात म्हणणारे तेच. स्वीडनच्या टोर बर्गेरॉन यांनी ती पुढे नेली. या दोन वाटा लक्षात ठेवा, एका म्हणीचा निकाल लावायचाय.

ढगांना जाती असतात हे आता इतकं सवयीचं झालंय की कुणीतरी पहिल्यांदा त्या पाडल्या असतील असं वाटतच नाही. १८०२ च्या डिसेंबरमध्ये लंडनमध्ये ल्यूक हॉवर्ड नावाच्या औषधं बनवणाऱ्या तरुणाने एका छोट्या मंडळापुढे निबंध वाचला. त्याने ढगांना लॅटिन नावं दिली: केसांच्या बटेसारखा तो सिरस, ढिगासारखा तो क्युम्युलस, थरासारखा तो स्ट्रॅटस, आणि पाऊस देणारा निंबस. बाकी सगळे यांच्या मिश्रणातून. त्याच वर्षी फ्रान्समध्ये लामार्कनेही फ्रेंच नावांची एक यादी केली होती, ती कुणी उचलली नाही. हॉवर्डची खुबी नावांपेक्षा मिश्रणात होती. एक ढग दुसरा होऊ शकतो हे त्याने नावातच बसवलं. आज जागतिक हवामान संघटनेच्या यादीत दहा जाती आहेत. मराठीत त्यांना राशिमेघ (क्युम्युलस), स्तरमेघ (स्ट्रॅटस), तंतुमेघ (सिरस) अशी सुरेख नावं आहेत आणि ती कुणी वापरत नाही याचं मला वाईट वाटतं.

सर्वात वर, साधारण सहा किलोमीटरच्या पुढे, तंतुमेघ. पिंजलेल्या कापसाच्या रेघा, सगळा बर्फ. यांच्यातून पडणारा बर्फ वाटेतच विरतो, तीच ती खाली ओघळलेली शेपटी. याच उंचीवर पातळ दुधी चादर पसरली तर तो तंतुस्तरमेघ, आणि त्यातून चंद्राला खळं पडतं. षट्कोनी बर्फकणांतून प्रकाश वाकतो, म्हणून खळ्याची त्रिज्या जवळजवळ ठरलेली, २२ अंश. हात पूर्ण लांब करून वीत ताणा: अंगठा चंद्रावर ठेवला तर करंगळी खळ्याच्या आसपास येते. जुनी माणसं खळं बघून पावसाचा अंदाज बांधत, त्यात थोडं तथ्य आहे. मोठ्या पावसाळी प्रणालीच्या पुढे कधी कधी ही चादर येते. कधी कधीच, हे मात्र लक्षात असू द्या.

आभाळात मेंढरांचा कळप पसरल्यासारखे ठिपके दिसतात, तेव्हा गोंधळ होतो, कारण तीन जाती तशा दिसतात. पुन्हा हात लांब करा. एकेक ठिपका करंगळीमागे झाकला जात असेल तर तो उंचावरचा तंतुराशिमेघ. तीन बोटांपर्यंत लागत असतील तर मधल्या थरातला मध्यराशिमेघ. त्याहून मोठे गोळे म्हणजे खालचा स्तरराशिमेघ. मध्यस्तरमेघात सूर्य घासलेल्या काचेतून बघितल्यासारखा दिसतो. आणि ज्याला आपण मळभ म्हणतो, कंटाळवाणं, एकसारखं, सावली न पडणारं, तो स्तरमेघ. तोच जमिनीला टेकला आणि किलोमीटरच्या आतलंच दिसायला लागलं की त्याला धुकं म्हणायचं. आंबेवाल्याला विचारा मळभाबद्दल: मोहोर असताना चार दिवस आभाळ आलं की त्याची झोप उडते, तुडतुडे वाढतात. मळभातूनच दिवसरात्र संततधार लागली, सूर्य कुठे आहे हेही कळेना, की तो वर्षास्तरमेघ.

पण माझा जीव राशिमेघात अडकलाय. मे महिन्यातला देशावरचा एखादा दिवस घ्या. सकाळी आभाळ कोरं. अकराच्या सुमारास कापसाचे छोटे पुंजके, सगळ्यांचे तळ एकाच पातळीत, इस्त्री केल्यासारखे सपाट. सपाट का? कारण आजूबाजूची सगळी हवा साधारण सारखीच, म्हणून सगळीकडे दवबिंदू एकाच उंचीवर गाठला जातो. ती पातळी म्हणजे तुमचं १२५ चं गणित. बहुतेक दिवशी हे पुंजके संध्याकाळी विरून जातात. पण हवेत पुरेसा दमटपणा असेल तर वेगळंच काहीतरी सुरू होतं.

बाष्पाचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते. एक किलो बाष्पातून इतकी की तेवढ्यावर सात-आठ लिटर पाणी उकळीला येईल. ही उष्णता ढगातल्या हवेलाच मिळते. म्हणून ती आजूबाजूच्या हवेपेक्षा गरम राहते आणि आणखी वर चढते, चढली म्हणून आणखी पाणी, आणखी उष्णता. ढग स्वतःच्याच इंधनावर पळायला लागतो. दुपारी तीनला फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा वर फुगलेला, पाचला त्याचं डोकं पंधरा-सोळा किलोमीटरवर. तिथे वरची हवा आणखी गार व्हायचं थांबते, चढणाऱ्या झोताला छत लागतं आणि ढग आडवा पसरतो, लोहाराच्या ऐरणीसारखा. हा गर्जन्मेघ. खालून काळाकुट्ट, कारण एवढ्या जाडीतून प्रकाश खाली पोचत नाही. लांबून बाजूने बघितला तर तोच पांढराफेक दिसतो.

वळवाच्या पावसाआधी एकदम गार वारा सुटतो, वाळत घातलेले कपडे उडतात, धूळ उठते. ती हवा त्या ढगातूनच खाली आलेली असते. पडणाऱ्या पावसातला काही भाग वाटेत सुकतो, हवा गार आणि जड होते, खाली आदळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. वर जाणारा झोत फार जोरात असेल तर बर्फाचे गोळे वरच्या वर तोलले जातात आणि त्यांच्यावर पाण्याचे थर गोठत जातात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली महाराष्ट्रातली गारपीट ज्याने द्राक्षबागेत उभं राहून पाहिली, त्याला हे समजावून सांगायला नको.

आता ती म्हण. ‘गर्जेल तो पडेल काय.’ वीज तयार व्हायला ढगात बर्फ लागतो. मऊ गारा आणि बर्फाचे छोटे कण एकमेकांवर आपटतात, घासतात, विद्युतभार वाटला जातो, हलके कण तो घेऊन वर जातात आणि जड खाली राहतात. जुलैमध्ये घाटावर दिवसेंदिवस कोसळणारा पाऊस बऱ्याच अंशी बुटक्या, गरम ढगांतून येतो. तिथे थेंब टकरांनीच मोठे होतात, बर्फाची फारशी गरजच पडत नाही. म्हणून तो गर्जत नाही आणि थांबतही नाही. वळीव मात्र बर्फाच्या वाटेने येतो, गडगडाट करतो आणि तासाभरात खलास. कोकणातल्या माणसाला म्हण पटेल. मराठवाड्यातल्या माणसाने मात्र तिच्यावर विसंबू नये. गर्जणारा ढग पडला नाही तरी वीज पडते. विजेनंतर तीन सेकंदांत आवाज आला तर ती एकाच किलोमीटरवर आहे. आणि खरं तर आवाज ऐकू येतोय म्हणजेच झाडाखालून निघून पक्क्या घरात जायची वेळ झाली.

म्हणीइतकाच त्रासदायक शब्द म्हणजे ढगफुटी. ढग काही पखाल नाही फुटायला. हवामान खात्याच्या लेखी छोट्या भागात तासाला १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे ढगफुटी, आणि वर्तमानपत्रात ज्यांना ती म्हणतात त्यातल्या कितीतरी घटना या मापात बसत नाहीत. मोठा गर्जन्मेघसुद्धा किती थोड्या जागेपुरता असतो याचं उदाहरण मुंबईकराला वेगळं द्यायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला ७३.

मग ढगाकडून पाऊस मागून घेता येतो का? सोलापूर भागात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने विमानातून ढगांच्या तळाशी कॅल्शियम क्लोराइडचे कण सोडून पाहिले, म्हणजे समुद्री मिठाच्या थोराड कणांचीच नक्कल. २७६ ढग निवडले, त्यातल्या काहींवर फवारणी केली, काही तसेच सोडले. २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: फवारलेल्या भागात पाऊस सुमारे १८ टक्के जास्त. आकडा वाईट नाही. पण यासाठी आधी ढग लागतो, तोही वाढणारा. दुष्काळात नेमकी त्याचीच वानवा असते, म्हणून ‘कृत्रिम पाऊस पाडू’ अशी घोषणा ऐकली की मी आधी खिडकीतून वर बघतो.

याच संस्थेने २०१२ मध्ये महाबळेश्वरला ढगांची प्रयोगशाळा उभारली. जागा अचूक निवडली. एरवी ढग मोजायला विमान लागतं, इथे पावसाळ्यात ढग स्वतःच यंत्रापाशी चालत येतो. त्या गावात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. घाट उतरून तासाभरात वाईला यावं तर तिथे त्याचा लहानसा हिस्सा. ऑगस्टमध्ये कधी पाचगणीहून पसरणीच्या घाटाने खाली येत असाल तर एखाद्या वळणावर गाडी बाजूला घ्या आणि मागे वळून वर बघा. पठाराच्या कडेवर ढगाची किनार दिसेल, पूर्वेकडे सतत धावत येणारी आणि एक पाऊलही पुढे न सरकणारी. कडेवरून खाली ओघळणारा प्रत्येक पुंजका हातभर उतरतो, विरळ होतो, नाहीसा होतो, आणि त्याच्या जागी मागून दुसरा येतो. त्याच्यातलं उरलेलं बाष्प तुमच्या डोक्यावरून वाईकडे चाललेलं असतं, निळ्या आभाळातून, न दिसता.